‘धों.’ या आद्याक्षरामागचे नाव

र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर ही दोन नावे मराठी वाचकाच्या जिभेवर सहज बसलेली आहेत. एक ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक, दुसरे पळसखेड्याच्या रानातले कवी. दोघांत काळाचे, प्रदेशाचे, जातीचे मोठे अंतर. साम्य एवढेच की दोघांच्याही वडिलांचे नाव धोंडो. आपण ‘धों.’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या अक्षरामागचे नाव पूर्ण उच्चारण्याची वेळ येत नाही.

मराठी नामपद्धतीत तिसऱ्या पिढीला आजोबांचे नाव गळतेच. म्हणूनच नातवाला आजोबांचे नाव ठेवून ते परत आणण्याची रीत होती. गणेश, केशव, नारायण असे फिरून परत आले. धोंडो आले नाही. वडिलांपाशी पूर्ण असलेले नाव मुलापाशी आद्याक्षर होऊन उरले आणि नातवापाशी तेही संपले. हे नाव गावंढळ होते, अडाणी आईबापांनी ठेवलेले होते, म्हणून गेले, असे सर्रास समजले जाते. आपल्या कथांत, नाटकांत आणि नावांवरच्या लेखनातही हा समज मुरलेला आहे. तो कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी हा लेख.

धुंडिराज, धोंड्याचा महिना आणि दगड

सुशिक्षित घरात या नावाचा खुलासा विचारला की पहिले उत्तर येते, ‘ते मूळचे धुंडिराज’. ढुंढिराज हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या शेजारचा. त्याच्यावरून ठेवलेले धुंडिराज हे नाव महाराष्ट्रात होतेच. दादासाहेब फाळके (जन्म १८७०) हे धुंडिराज गोविंद फाळके. एखाद्या धुंडिराजाला बोलण्यात धोंडोपंत म्हटले गेले असेल, दोन नावांची सरमिसळ झाली असेल, हे मान्य. पण या एका वाटेने सगळी धोंडो मंडळी काशीला पोचत नाहीत. धुंडिराजाचे स्त्रीलिंगी रूप होत नाही. धोंडोचे होते: धोंडाबाई, धोंडूबाई, धोंडूताई. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांचे नाव धुंडिराजावरून लावता येणार नाही. शिवाय धोंडोची भावंडे कोण, तर दगडू, दगडाबाई, भिकू, कचरू, उकंडा. या घोळक्यात गणपतीचे नाव एकटे पडते. धुंडिराजाची व्युत्पत्ती ही बऱ्याचदा लाज झाकण्यासाठी पांघरलेली शाल असते.

दुसरा खुलासा अधिक महिन्याचा, आणि तो खरा आहे. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या या महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालतो. या महिन्यात जन्मलेल्या मुलाला धोंडू आणि मुलीला धोंडाबाई म्हणत. गंमत अशी की याच महिन्याला पोथीत पुरुषोत्तम मास म्हणतात आणि त्यात जन्मलेल्यांना पुरुषोत्तम हेही नाव ठेवले जाई. एकाच महिन्याची ही दोन नावे, एक पोथीतले आणि एक चुलीपुढचे. पुरुषोत्तम आजही चालते, धोंडू चालत नाही. दोघांचे मूळ एकच असताना एकाला मान आणि दुसऱ्याला हसू मिळाले, हे लक्षात ठेवावे.

तिसरा अर्थ सरळ आहे. धोंडा म्हणजे दगड. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्याला दगड म्हणायचे. मृत्यूने, सटवाईने, दृष्टीने, ज्याने कोणी आधीची मुले नेली त्याने याच्याकडे बघावे आणि म्हणावे, हा तर दगड, याला नेऊन काय करायचे? नाव म्हणजे पाळण्यावर टाकलेले फाटके कांबळे. आत काय आहे ते बाहेरच्याला कळू नये.

आमच्या आर्वीच्या आसपास, वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, हेच काम उकंडा या नावाने केले. उकंडा म्हणजे उकिरडा. जुन्या बाया सांगतात ती रीत अशी: मूल सुपात घालून उकंड्यावर ठेवायचे, शेजारणीने ते ‘सापडले’ म्हणून उचलायचे, आणि आईने मूठभर धान्य देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचे. मग ते मूल आपले राहत नाही, सापडलेले होते, आणि ज्याने आपली दोन नेली त्याचा या मुलावर हक्क उरत नाही. मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यातही अपमृत्यू टाळण्यासाठी मुद्दाम हीन नावे ठेवण्याची चाल नोंदलेली आहे. ही चाल एका गावाची किंवा एका जातीची नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे हजारी दोनशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत जात. म्हणजे पाच पाळण्यांपैकी एक रिकामा होई. देवी, पटकी, हगवण आणि बाळंतघरातला धनुर्वात यांवर घरात इलाज नव्हता. लस नाही, दवाखाना नाही, तेव्हा आईच्या हातात एक गोष्ट होती, नाव. त्या नावाला अडाणी म्हणण्याआधी ती पाच घरांतली एक रिकामी दोरी डोळ्यांपुढे आणावी.

मूळ एक, शेपट्या अनेक

येथे एक गंभीर आक्षेप येतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे. मग धोंडू, कचरू, दगडू ही त्या नियमाची फळे नव्हेत काय? या प्रश्नाला बगल देता येत नाही.

पण नावे ओळीने मांडून पाहिली की चित्र गुंतागुंतीचे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) कोकणस्थ ब्राह्मण. १८५७चे नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख त्याच नावाने येतो. वेलस्लीच्या फौजेशी लढताना १८०० साली मारला गेलेला धोंडजी वाघ कर्नाटकात वाढलेला मराठा. नियम काटेकोर चालला असता तर पेशव्यांच्या गादीवर सांगणाऱ्याच्या नावात दगड आला नसता. मृत्यूचे भय सगळ्या आळ्यांत सारखे होते, म्हणून मूळ शब्द सगळ्या आळ्यांत पोचला.

जात दिसते ती शब्दाच्या शेपटीत. धोंडोपंत, धोंडोजी, धोंडिबा, धोंडबा, धोंडू, धोंड्या: दगड एकच, पण त्याला कोणी पंत लावला, कोणी बा, आणि कोणाला ‘या’ लावून गावाने हाक मारली. पुण्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गणपतीच्या नावात दगडू आहे. पुढे शेठ असल्यामुळे कोणाला हसू येत नाही. आमच्या भागातल्या जुन्या कोतवाल बुकांत हा फरक शाईने लिहून ठेवलेला आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यांच्या नकला काढतात, तेव्हा घरात ज्यांना धोंडबाजी म्हणत ते आजोबा नोंदीत ‘धोंड्या’ निघतात. मग ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे प्रतिज्ञापत्र नातवाला करावे लागते. लिहिणाऱ्याने एका अक्षरात केलेला अपमान निस्तरायला तीन पिढ्यांनंतर नोटरीपुढे उभे राहावे लागते. म्हणून मनूचा नियम शोधायचा तर तो नाव ठेवणाऱ्या आईच्या तोंडी शोधू नये, हाक मारणाऱ्याच्या आणि नोंद करणाऱ्याच्या तोंडी शोधावा.

दया पवारांच्या ‘बलुतं’कडे (१९७८) या दृष्टीने पाहावे. त्यात दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. समीक्षकांनी या योजनेचे विवेचन दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने केले आहे, ते योग्यच आहे. पण नावाच्या अंगाने पाहिले की आणखी काही हाती लागते. ‘दया’ हे नाव सभ्य समाजात वावरण्यासाठी आहे. भोगलेले सगळे ‘दगडू’पाशी आहे. ज्या नावाने गावाने हिणवले, तेच नाव आत्मकथनात साक्षीदार होते. दगडूला बाजूला सारून हे पुस्तक लिहिता आले नसते.

याच्या उलट दिशेचा प्रवास आमच्या शेजारी घडला. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटले. माणिक हे रत्न; तुकडा भाकरीचा. पुढे तुकड्याचे तुकडोजी झाले, राष्ट्रसंत झाले, पण भजनाच्या शेवटी ते स्वतःला तुकड्यादासच म्हणवीत राहिले. हीन शब्द हीन राहतो तो बोलणाऱ्याच्या मनात, हे विदर्भात वेगळे शिकवावे लागत नाही. शेंदूर लागला की धोंड्यापुढे नारळ फुटतो, हेही आपण जाणतोच.

धोंडा आणि नकुशी

आता मुख्य मुद्दा. या नावांवर लिहिताना धोंडू, दगडू, भिकू यांच्याच ओळीत नकुशी बसवली जाते. ‘अशुभ नावे’ किंवा ‘हीन नावे’ असे एक शीर्षक द्यायचे आणि सगळ्यांना त्याखाली ढकलायचे. हे वर्गीकरण मला मान्य नाही.

धोंडो हे नाव खोटे बोलते. आईला मूल हवे असते, फार हवे असते, म्हणून ती मृत्यूला सांगते की हा दगड आहे. नकुशी हे नाव खरे बोलते. मुलीमागून मुली झाल्या, आता नको, असे ते मुलीला आणि दैवाला एकाच वेळी सांगते. पहिल्या नावाचा रोख मृत्यूकडे आहे, दुसऱ्याचा त्या मुलीकडेच. पहिले नाव मूल राहावे म्हणून आहे, दुसरे पुढची मुलगी येऊ नये म्हणून. शब्द दोन्हीकडे हलके दिसतात, पण आतला भाव पूर्ण उलटा आहे.

आणि हा फरक मुलगा-मुलगी असा नाही. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके, गायिका धोंडूताई: मुलींनाही राखण्याची नावे मिळत होती. म्हणजे मुलगी जगावी असे वाटणारी घरे होती आणि त्यांच्याजवळ त्यासाठी शब्द होता. दगडाबाई आणि नकुशी एका ओळीत बसवल्या की त्या घरांवर अन्याय होतो, आणि नकुशीवर झालेला अन्यायही सौम्य होऊन ‘जुनी चालरीत’ ठरतो.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये नकुशी नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ते योग्यच झाले. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी तो आकडा ९१३ होता. धोंडो नाव गेले, कारण त्यामागचे भय कमी झाले. राज्याचा अर्भक मृत्युदर २०२० मध्ये हजारी १६ वर आला होता. नकुशी नाव मात्र कागदावरून गेले तरी त्यामागची इच्छा सोनोग्राफीच्या खोलीत शिरली. दोन नावांचा शेवटही असा वेगळा आहे, आणि एकाच शीर्षकाखाली कोंबले की तो दिसत नाही.

परत येणारी नावे आणि न येणारी

हल्ली जुनी नावे शोधून ठेवण्याची आवड वाढली आहे. मुक्ता, कान्होपात्रा, जिजा, मल्हार ही नावे बारशाला पुन्हा ऐकू येतात. या पुनरागमनाला एक चाळणी आहे: कानाला गोड, अर्थाला सुंदर, इतिहासात मानाचे. धोंडो तिन्ही ठिकाणी अडकते. त्यातच ‘धोंडू म्हणजे गडी’ हा विनोदी लेखनाने घालून दिलेला साचा. ‘टाइमपास’ (२०१४) या चित्रपटाचा नायक दगडू आहे तो उनाड पोरगा म्हणून. नावातच त्याचा वर्ग कळावा, ही योजना. नाव ठेवणाऱ्या आईचा हेतू पुसला गेला आणि हाक मारणाऱ्याचा सूर तेवढा शिल्लक राहिला.

आज कोणी मुलाचे नाव धोंडो ठेवावे, असे मी म्हणणार नाही. ज्या कामासाठी ते होते ते काम आता लस करते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा थोडी मुले व्हावीत आणि आईचे हाल थांबावेत, हे त्यांचे सांगणे होते. पुष्कळ मुले जन्माला घालून त्यांतली काही राखायची, या जगाचे नाव त्यांच्या स्वतःच्या नावाच्या मधोमध बसलेले होते.

करायचे ते वेगळेच आहे. शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, कोतवाल बुके, देवळांच्या देणगीच्या पाट्या यांत ही नावे अजून आहेत. कागद मात्र दरवर्षी पिवळे पडून तुटत आहेत. गावोगावच्या वाचनालयांनी आपल्यापुरती यादी केली, कोणत्या नावाला कोणती शेपटी कोणी लावली एवढे जरी नोंदले, तरी मराठी समाजाचा एक न लिहिलेला इतिहास हाती येईल. त्या यादीत राखण्याची नावे आणि नाकारण्याची नावे यांचे रकाने वेगळे असावेत. आणि ‘ना. धों.’ म्हणताना मधल्या अक्षरावर क्षणभर थांबावे. ते कोणाच्या तरी आईने मृत्यूशी बोललेले खोटे असू शकते.