‘घुसला’ : एका क्रियापदाची चिकित्सा

बिबट्याविषयीच्या मराठी बातमीत एक क्रियापद जवळजवळ ठरलेले असते : ‘घुसला’. वस्तीत घुसला, मळ्यात घुसला, गोठ्यात घुसला. घुसणारा बाहेरचा असतो. त्याचे घर जंगलात. तिकडे नेऊन सोडला की प्रश्न मिटला, असा सगळा युक्तिवाद या एका शब्दातच उरकलेला असतो. जुन्नर-अकोल्याच्या मळ्यांत मात्र तो टिकत नाही.

ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो. त्यात आडोसा, पाटाचे पाणी आणि भोवती कुत्री, डुकरे, शेळ्या. मादी तिथेच विते. म्हणून ऊसतोडीच्या वेळी पिल्ले सापडतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अकोल्याच्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि माणसांची घनता होती चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. हे बिबटे घुसलेले नाहीत; तिथले रहिवासी आहेत.

चुकीच्या क्रियापदाची किंमत जुन्नरने मोजली आहे. या शतकाच्या आरंभी तिथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूर सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले, असे २०११ च्या शोधनिबंधात नोंदले आहे.

सहानुभूतीने केलेली मांडणीही या चौकटीतून पूर्ण सुटत नाही. सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) हा चित्रपट एका खऱ्या बिबट्यावर बेतलेला आहे. टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला गेला आणि चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. प्रवास विलक्षण आहे, पण नायक पुन्हा वाटसरूच. उसात जन्मून उसातच म्हातारा होणाऱ्या बिबट्याची गोष्ट सांगायची राहून जाते.

दुसऱ्या टोकाला ‘सहजीवन’ हा लाडका शब्द आहे. त्याला पुरावा म्हणून वाघबारस पुढे केली जाते. वसुबारसेच्याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, सह्याद्रीतले महादेव कोळी वाघोबाला नैवेद्य दाखवतात. एकाच दिवशी गाय आणि तिला खाणारा, दोघांची पूजा, हे खरेच अपूर्व आहे. पण तिथे मागणे प्रेमाचे नसते, गुरांच्या राखणीचे असते. त्यात भीती आहे, आणि ती लपवलेली नाही. शिवाय वाघोबाचे ठाणे पुष्कळदा शिवेवर असते. अलीकडे गाव, पलीकडे रान. उसाने ती शीवच पुसून टाकली. ज्या घरातले पोर अंगणातून गेले, त्या घराला शहरातून ‘सहजीवन’ ऐकवणे हा उद्धटपणा होय.

तेव्हा क्रियापद बदलायचे तर ते साधे असावे : बिबट्या इथे ‘राहतो’. या शब्दात कौतुक नाही, आरोप नाही. पण तो लिहिला की पुढचे प्रश्न बदलतात. पिंजरा कधी लावणार, याआधी विचारावे लागते : शेतकऱ्याला दारे धरायला रात्रीच का जावे लागते, दिवसा वीज का नाही? गोठ्याला दार आहे का? तोडणीवाल्यांच्या कोप्यांपाशी उजेड आणि शौचालय आहे का? ‘घुसला’ म्हटले की हे सारे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.