‘भारतातली पहिली कमान’ : एक निसटलेला शब्द

कुतुबमिनारच्या तिकिटाच्या रांगेतली गर्दी शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानाकडे फारशी फिरकत नाही. सुमारे दोनशे एकरांत शंभराच्या आसपास वास्तू. त्यातच सुलतान बलबनची कबर आहे, साधारण १२८७ सालची, घुमट पडलेली. तिची ओळख जिथे तिथे एकाच वाक्यात करून दिली जाते: भारतातली पहिली खरी कमान इथे आहे.

आता खरी कमान म्हणजे काय? पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांवर रेलतात आणि वरचा भार दोन्ही बाजूंना ढकलतात. शेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या दर्शनी भिंतीतल्या, ११९९ च्या सुमाराच्या कमानी दिसतात तशाच, पण तिथे आडवे थर एकेक करून पुढे सरकवत मधोमध भेटवलेत. आकार कमानीचा, यंत्रणा वेगळी. हा फरक जागेवर जाऊन बघाच, सांध्यांच्या रेषा बघितल्या की कळतो.

निरीक्षण पक्कं आहे. माझी तक्रार ‘पहिली’ या शब्दाबद्दल आहे. आपल्याला माहीत आहे ती फक्त टिकून राहिलेली सगळ्यात जुनी. त्याआधी बांधलेली आणि ढासळलेली कमान पुराव्यात येणारच नाही! आणि कानपूरजवळच्या भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात खऱ्या कमानी आहेतच. म्हणजे वाक्य नीट लिहायचं तर ‘सल्तनतकालीन वास्तूंपैकी, आज उभ्या असलेल्यांत, बहुधा सर्वांत जुनी’. लांबलचक आहे, फलकावर शोभणार नाही, मान्य. पण माझ्या पहिल्या पेपरच्या मसुद्यात मीही ‘प्रथमच’ लिहिलं होतं. गाइडनी लाल पेनाने बाजूला एवढंच विचारलं, ‘कोणत्या शोधात सापडलं नाही?’ उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले आणि शेवटी तो शब्द काढावा लागला.

याच उद्यानात उलटी अडचणही भेटते. कुली खानची अष्टकोनी कबर मुघलकालीन. हा अकबराच्या दूधभावाचा, अधम खानाचा भाऊ. एकोणिसाव्या शतकात थॉमस मेटकाफने तिचं राहतं घर केलं, नाव ठेवलं दिलखुशा, आणि आसपास जुन्या धाटणीच्या छत्र्या हौसेने उभारल्या. त्यातली टेकाडावरची छत्री पाहून कुणीही ती लोदीकालीन समजेल. शैलीवरून काळ ठरवणाऱ्यांनी तिथे जरा थांबावं.

उद्यानाची मांडणी मात्र प्रत्येक वास्तूला एक नाव, एक काळ देऊन मोकळी होते. दिलखुशा कुणाची? मृताची की पाहुण्यांची? जतन करताना कबर ठेवायची की कंपनी सरकारच्या माणसाने केलेले बदलही? तुमच्या डेटाशीटमध्ये ‘काळ’ असा एकच रकाना असेल तर यातलं एक उत्तर तुम्ही न ठरवताच निवडलेलं असतं. मी दोन रकाने केले असते, बांधकामाचा आणि वापराचा, आणि दुसऱ्यात एकापेक्षा जास्त नोंदींना जागा ठेवली असती.