पुराच्या पाण्यातला भाता

ऑगस्ट २०२५ मध्ये देगलूरच्या शेजारी मुखेड तालुक्यात, लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत रात्रीतून पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. अशा वेळी वाद्यांविषयी लिहिणे काहींना अनुचित वाटेल. आपल्या साहित्यालाही ते तसेच वाटत आले आहे. कुसुमाग्रजांच्या 'कणा' या कवितेतला पूरग्रस्त विद्यार्थी सरांकडे येतो, तेव्हा आपण त्याची न मोडलेली जिद्द पाहतो. ते योग्यच आहे. पण पुराविषयीचे आपले बहुतेक लेखन तेथेच थांबते. महापूर एकतर नोहाच्या तारवाची आठवण देणारे रूपक होतो, नाहीतर धैर्याची कसोटी. गाळातून जी वस्तू बाहेर निघते तिचे नेमके काय झाले, हे पाहायला लेखक खाली वाकत नाही.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील सेंगर नाट्यगृह १९२७ साली उघडले, ते मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत. त्यात रॉबर्ट मॉर्टन कंपनीचा पाइप ऑर्गन होता. नाट्यगृहाचा ऑर्गन हा चर्चच्या ऑर्गनचा संसारी भाऊ! एकाच वादकाने बासरी, तुतारी, घंटा, ढोल सारे काही वाजवून वाद्यवृंदाची उणीव भरून काढायची. बोलपट आले आणि त्याचे मूळ काम संपले. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात शहराचे बांध फुटले, नाट्यगृहात पाणी भरले, आणि ते पुन्हा उघडायला २०१३ साल उजाडले. अटलांटिक सिटीच्या सभागृहातील ऑर्गनला तेहतीस हजारांहून अधिक नळ्या आहेत. १९४४ च्या वादळात पाणी शिरले ते तळघरात, आणि बिघडली ती स्वरांच्या जोडण्या बदलणारी यंत्रणा. नळ्या सहसा उंच दालनांत असतात. वारा पुरवणारा पंखा, विजेचे चुंबक, तारांचे जाळे हे मात्र बहुधा खाली. पाण्याने सरस विरघळतो, चामड्याच्या झडपा वाळताना कडक होतात, लाकडाचे सांधे उघडतात. वाद्य बाहेरून शाबूत दिसते आणि त्याचा श्वास गेलेला असतो.

मराठी रंगभूमीवरचा ऑर्गन नळ्यांचा नव्हे. तो पायाने भाता हाकायचा, पितळी पट्ट्यांचा. गोविंदराव टेंब्यांनी चाली दिलेले 'मानापमान' (१९११), भास्करबुवा बखल्यांचे 'स्वयंवर' (१९१६), आणि या दोन्हींतले बालगंधर्वांचे गाणे! त्यावर आपल्या समीक्षेने पानेच्या पाने लिहिली. गायकाच्या मागे अखंड स्वर धरून बसणाऱ्या ऑर्गनला एखादे विशेषण मिळाले तरी पुष्कळ. हा अन्याय मला लहान वाटत नाही. ज्या समीक्षेला वाद्य दिसत नाही, तिला त्याचे बुडणेही दिसणार नाही. आणि आपली नाटके तर नदीकाठीच वाढली. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले तेव्हा पाणी पुण्याच्या जुन्या पेठांतून गेले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे पहिले नाटक केले त्या सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली.

आपण ख्रिस्ती माणसे या बाबतीत अधिक डोळस असायला हवी होतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि त्याचबरोबर उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. त्या दारातून मराठवाड्याच्या धर्मग्रामांत पेटी आली. मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषा कानावर पडणाऱ्या देगलूरसारख्या सीमेवरच्या गावी पेटीला भाषांतर लागत नाही. मिस्सा संपली की मात्र आपण तिचे काय करतो? झाकण लावून, मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी, जमिनीवर. सतरंज्या वर कपाटात असतात.

भिजलेली पेटी पहिल्या घाईत कडक उन्हात ठेवली जाते आणि स्वर निघतो का हे पाहण्यासाठी लगेच भाता ओढला जातो. या दोन्ही गोष्टींनी पुरातून वाचलेली पेटी घरी मरते. चिखल आत ओढला जाऊन पट्ट्यांच्या फटींत बसतो, ओले चामडे उन्हात आकसते. ती सावलीत, वाऱ्यावर, झाकण काढून सावकाश वाळू द्यावी आणि कारागीर येईपर्यंत भात्याला हात लावू नये. गायनमंडळातील मुलांना हे पावसाळ्यापूर्वी सांगावे, आणि त्याच दिवशी पेटी सतरंज्यांच्या जागी वर चढवावी.