किल्ल्यांचा जीर्णोद्धार आणि समारंभस्थळें

सप्टेंबर २०१९ मध्यें महाराष्ट्रांतील २५ किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देऊन तेथें हॉटेलें व समारंभस्थळें करण्याची सरकारी योजना चर्चेंत आली. लोकक्षोभ होतांच सरकारनें खुलासा केला कीं, शिवछत्रपतींशीं निगडित असे वर्ग १ चे किल्ले यांत नाहींत. विचार केवळ वर्ग २ च्या इतर किल्ल्यांचा आहे. आमचा मुख्य आक्षेप ह्या खुलाशावरच आहे.

वर्धेच्या पूर्व तीरावरील बल्लारपूरचा किल्ला ह्या कसोटीस लावून पहावा. सिरपुराहून गोंड राजधानी येथें आणून हा किल्ला खांडक्या बल्लाळशहानें बांधला, अशी परंपरा आहे. चांदा वसविल्याचें श्रेयहि ती त्यालाच देते. नागपूरकर भोसल्यांनीं राजा नीलकंठशहास १७५१ त कैदेंत ठेविलें तें ह्याच तटाच्या आंत. एका राजवंशाच्या उदयास्ताचें असें स्थळ, शिवचरित्राशीं संबंध नाहीं एवढ्याच कारणानें दुय्यम कसें ठरतें?

वास्तु वापरांत राहिली तर टिकते, हें आम्हांस मान्य आहे. राजस्थानांतील नीमराणा येथील पडका गढीवजा राजवाडा १९८६ त विकत घेतला गेला व १९९१ पासून तेथें पाहुणे उतरूं लागले. पण तेथें मूळचींच दालनें होतीं. बल्लारपुरास चौकोनी बुरुजबंद तट व परस्परांशीं काटकोनांत असलेले दोन दरवाजे उभे आहेत. आंतील वास्तु मात्र ढासळलेल्या. तेथें भोजनगृहें व शौचकूप करावयाचे तर जमीन खणावी लागेल, आणि जुने पाये, खापरें, नाणीं असावयाचीं तीं त्याच मातींत. शिवाय चुन्याच्या दरजांत सिमेंट भरलें कीं ओल कोंडते व क्षार दगडास पोखरतात. पोथीचें वेष्टन नवें करतांना पुष्पिकेचें पानच कापून टाकणाऱ्यास आमचे वाचक जीर्णोद्धारक म्हणणार नाहींत.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचें संरक्षण त्याखालीं घोषित झालेल्या स्मारकांनाच मिळतें. म्हणून इतर किल्ल्यांबाबत भाडेपट्ट्यापूर्वींच अटी ठरल्या पाहिजेत. मोजणीचा नकाशा व छायाचित्रें आधीं प्रसिद्ध व्हावींत. खणावयाची जागा पुरातत्त्वज्ञांनीं प्रथम तपासावी. दुरुस्ती चुन्यांतच व्हावी. मांडव तटाबाहेर पडावा. आणि येणारें भाडें त्याच किल्ल्याच्या डागडुजीस लागावें. ह्या अटी जो पत्करील त्याच्या समारंभास आमची हरकत नाहीं. मात्र वर्ग ठरवावयाचा तो त्या वास्तूंत शिल्लक असलेला पुरावा पाहूनच ठरवावा.