उठावाची रेघ आणि मेणाचे घर

मेनेना कोत्तीन (लेखन) आणि रोसाना फारिया (चित्रे) या दोघी व्हेनेझुएलाच्या. त्यांचे ‘रंगांचे काळे पुस्तक’ २००६ मध्ये मेक्सिकोत, स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात ते गौरवले गेले. तेव्हापासून दृष्टिहीन मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला की या पुस्तकाचे नाव हमखास येते. पाने संपूर्ण काळी. एका बाजूला पांढऱ्या अक्षरांतला मजकूर आणि सोबत ब्रेल, समोर काळ्यावर काळ्याच, चकचकीत, उठावाच्या रेघांचे चित्र. तोमास नावाच्या मुलाला रंग कसे कळतात हे त्यात सांगितले आहे. पिवळ्याला मोहरीच्या सॉसची चव आहे आणि कोंबडीच्या पिल्लाचा मऊपणा आहे.

पुस्तक देखणे आहे यात शंका नाही. (हे विशेषणही डोळ्यांचेच.) पण ते कोणाच्या हातासाठी केले आहे? तोमास त्यात सतत ‘तो’ आहे. त्याच्याविषयी ऐकणारा ‘मी’ डोळस आहे. मऊपणाचा उल्लेख वाचून आपण समोरच्या पानावर बोट फिरवतो, तिथे पिसे आहेत, पण ती वार्निशसारख्या गुळगुळीत रेघांची. डोळस वाचकाला ती रेघ पाहून पीस आठवते. ज्याने चित्र कधी पाहिलेले नाही त्या चार वर्षांच्या मुलाला शब्द एक सांगतात आणि बोट दुसरेच. डोळस मुलांना अंधत्वाची जाणीव देणारे पुस्तक म्हणून मी ते आनंदाने सुचवीन. दृष्टिहीन मुलाचे पहिले पुस्तक म्हणून नाही.

या घोटाळ्याचे मूळ रेघेच्या स्वभावात आहे. वाटी बाजूने काढली की कागदावर अर्धगोल उमटतो. हाताला ठाऊक असलेली वाटी मात्र पोकळ असते, तिला गोल काठ असतो, तळाशी बोट टेकते. त्या अर्धगोलाला उठाव दिल्याने त्याची वाटी होत नाही. बाह्यरेषा हा पाहणाऱ्यांमधला करार आहे. मोठेपणी तो शिकता येतो आणि नकाशे, भूमितीच्या आकृत्या यांसाठी शिकायलाही हवा. मात्र गोष्टीच्या पहिल्या पुस्तकात तो गृहीत धरला, तर मुलाच्या वाट्याला कोडेच येते.

वेगळ्या वाटेने जाणारे लोक युरोपात होते. स्विस चित्रकार वार्या लावाटर यांनी १९६५ मध्ये लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घडीच्या लांब पट्टीवर केवळ रंगीत ठिपक्यांत मांडली. मुलगी म्हणजे लाल ठिपका, लांडगा म्हणजे काळा. इटलीच्या ब्रूनो मुनारी यांनी १९८० मध्ये अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी तळहाताएवढी बारा पुस्तके केली. त्यांत कागद, कापड, लाकूड, प्लास्टिक असे साहित्यच मजकुराचे काम करते. यांपैकी काहीही खास दृष्टिहीनांसाठी नव्हते. तरीही ठिपक्याच्या जागी खरखरीत किंवा मखमली चकती आली की लांडगा बोटाला चटकन सापडेल, हे उघड आहे. फ्रान्समध्ये दिजाँ येथे दृष्टिहीन मुलांचे शिक्षक फिलिप क्लोदे यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली संस्था अशा स्पर्शपुस्तकांसाठीच ओळखली जाते. तिच्या नावाचा अर्थ ‘स्वप्न पाहणारी बोटे’.

आपल्याकडे मात्र अशी गोष्ट आयतीच पडून आहे. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे. या कथेतला सगळा पेच दोन पदार्थांच्या गुणधर्मांचा आहे. मेण गुळगुळीत, नखाने ओरखडणारे. वाळलेले शेण खडबडीत, गवताच्या काड्या लागणारे, वासाचे. पाण्यात एक टिकते, दुसरे विरघळते. पुढे दारावरची थाप आणि चिऊची तीच ती सबब: हा भाग कानाचा, आणि थाप तर मुलाने स्वतः पुठ्ठ्यावर मारायची. या गोष्टीची जितकी सचित्र पुस्तके पाहिली, त्यांत दोन्ही घरे खेळण्यातल्या बंगल्यांसारखी रंगवलेली दिसली. शेण तर नावापुरतेच.

नुसते तुकडे चिकटवल्याने मात्र भागणार नाही. तसे केले तर हाती कापडाच्या दुकानातली नमुन्यांची वही येईल. गोष्ट बदलातून घडते. एका पानावर उजव्या कोपऱ्यात काऊचे घर आहे. पान उलटून बोट त्याच कोपऱ्यात गेले की तिथे काही नाही. त्या रिकाम्या जागेत पाऊस ‘दिसतो’. एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाची भोके हेच करतात. म्हणून खास दृष्टिहीनांसाठी न केलेले ते १९६९ चे पुस्तक त्यांच्या हातीही बोलते.

‘मग नुसते ऐकवले तर काय बिघडते?’ असे पालक विचारतात. ऐकवावेच. परंतु डोळस मूल शाळेत जाण्याआधीच बिस्किटाच्या पुड्यावर, बसवर, दुकानाच्या पाटीवर हजारदा अक्षरे पाहते. दृष्टिहीन मुलापुढे ब्रेल असे वाटेत येत नाही. कोणीतरी ते हाताखाली ठेवावे लागते. २०१२ च्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने पुस्तके ब्रेलमध्ये आणण्याची वाट मोकळी केली, २०१४ मध्ये माराकेश करारास मान्यता देणारा पहिला देशही भारतच. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासूनचे. पण हे सारे वाचता येऊ लागलेल्यांसाठी आहे. मांडीवर बसणाऱ्या मुलासाठी पुस्तकांच्या दुकानात मागायला जावे, तर सहज काही हाती लागत नाही.

आणि सुरुवात करायला फार लागतही नाही. ब्रेलमध्ये ‘चिऊ’ तीन घरांत मावते: च, मग इकार, मग ऊ. छापील अक्षरात वेलांटी आधी येते आणि उच्चारात नंतर, ही अडचण इथे नाही. जसे बोलतो तसेच बोट पुढे जाते. ‘काऊ’चीही तीनच घरे, आणि दोन्ही नावांचे शेवटचे घर एकच. पारदर्शक पट्टीवर ही दोन नावे उठवून नेहमीच्या छापील पुस्तकात दोन घरांपाशी चिकटवावीत. आई डोळ्यांनी वाचते, मूल त्याच पानावर बोट ठेवून थांबते आणि शेवटचे घर सारखे लागले की विचारते, हा ऊ दोघांचा कसा?