‘असंबद्ध’ परिणाम : एका संज्ञेची चिकित्सा

परिणाम कृतीनंतर येतो. मग तो त्याच कृतीच्या निवडीवर प्रभाव कसा पाडील? परिणामाची कल्पना मनात उभी राहिली की कृतीस चालना मिळते, असे विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रतिपादिले होते. विल्फ्रीड कुंडे यांच्या २००१ मधील प्रयोगांनी या मतास बळ आले. कळ जोराने दाबल्यावर मोठा आणि हलकेच दाबल्यावर लहान आवाज निघत असेल, तर प्रतिसाद लवकर सुरू होई. हे नाते उलटे केले की विलंब लागे. त्या आवाजाशी प्रयोज्यास काहीच कर्तव्य नव्हते, म्हणून तो ‘असंबद्ध’.

घोटाळा आहे तो या विशेषणात. असंबद्ध कोणाच्या दृष्टीने? बर्नहार्ड हॉमेल यांच्या १९९३ मधील प्रयोगात प्रत्येक कळ विरुद्ध बाजूचा दिवा लावीत असे. स्वराच्या उंचीवरून कळ निवडावयाची. स्वर कोणत्या बाजूने आला याकडे लक्ष द्यावयाचे नाही. ‘कळ दाबा’ असे सांगितले असता, कळीच्या बाजूने आलेल्या स्वरास प्रतिसाद जलद मिळे. ‘दिवा लावा’ असे सांगितले असता, दिव्याच्या बाजूने आलेल्या स्वरास. बोटाची हालचाल तीच, बदलले ते केवळ आज्ञार्थी वाक्य. तेव्हा संबद्धता वस्तूत नसून कृतीच्या वर्णनात आहे, एवढे तरी मान्य करावे लागते. आणि वर्णन हा भाषेचा प्रांत आहे.

कोख व कुंडे यांनी २००२ मध्ये हीच तपासणी उच्चारांवर केली. प्रयोज्य अंक पाहून रंगाचे नाव उच्चारी आणि मग पडद्यावर रंगवाचक शब्द उमटे. तो जुळता असल्यास उच्चार लवकर होई. परंतु साक्षर मनुष्याला समोर आलेला शब्द न वाचणे जवळपास अशक्यच. त्याला असंबद्ध म्हणणे धाडसाचे आहे.

या वादास देवनागरी कळफलकावर चांगले क्षेत्र मिळेल. कामरगावातील एखादा विद्यार्थी मिनिटास ३० शब्दांच्या शासकीय परीक्षेसाठी टंकलेखनाचा सराव करतो असे समजू. इनस्क्रिप्ट पद्धतीत व्यंजनानंतर वेलांटीची कळ दाबतात. ऱ्हस्व आणि दीर्घ, दोन्ही वेलांट्या डाव्या हाताकडे. पण ‘कि’मधील वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते, ‘की’मधील उजवीकडे. परिणामाची पूर्वकल्पना खरोखर हात निवडत असेल, तर पहिलीस लाभ मिळावा. मात्र नुसते वेळ मोजून निष्कर्ष काढणे फसवे ठरेल. कारण ऱ्हस्व वेलांटीची कळ बोटांच्या मूळ ओळीत आहे, दीर्घाची वरच्या ओळीत. कळा त्याच ठेवून पडद्यावरील वेलांट्यांच्या जागा तेवढ्या अदलाबदल कराव्या लागतील. शिवाय मुरलेल्या टंकलेखकाची नजर पडद्यावर नसते, समोरच्या मजकुरावर असते. पडद्यावरील बदल त्याच्या नजरेसच पडला नाही, तर परिणाम दिसला नाही की त्याने काम केले नाही, याचा निवाडा प्रतिक्रियाकाल कसा करणार?