भाषेची पुरवणी

जागतिक माध्यमांच्या एम.ए.ला एखाद्या भाषेची जोड देणारे अभ्यासक्रम आता तुमच्याही घरात चर्चेला येत असतील. कल्पना चांगली आहे. पण तिला माझा प्रश्न एकच : शिकलेली भाषा प्रबंधात उतरते का? की माध्यमांचा सिद्धांत इंग्रजीत, भाषेचा तास शेजारच्या खोलीत, आणि परीक्षेतल्या पुरवणीसारखी ती शेवटी दोऱ्याने बांधायची?

अल् जझीराचेच पाहा. दोह्यातली तिची अरबी वाहिनी १९९६ साली सुरू झाली, इंग्रजी २००६ साली. दोघींचे प्रेक्षक निराळे, म्हणून बातमीची निवड आणि सूरही निराळा. आखातात राहणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. फक्त इंग्रजी वाहिनी पाहून 'अरब माध्यमे' या विषयावर लिहिणाऱ्याने अर्धेच घर पाहिलेले असते.

इथे तासांचा हिशेब आडवा येतो. इंग्रजी भाषकाला अरबी कामापुरती यायला अमेरिकेचे परराष्ट्र खाते सुमारे २२०० तासांचे वर्ग धरते. आठवड्याला ५ तास, ३० आठवडे, असे धरले तर वर्षाला १५० होतात. एवढ्यात रस्ता विचारता येतो, अग्रलेखातला टोमणा कळत नाही.

टोमणा न कळल्याने काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. १९०८ साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तो 'केसरी'तल्या मराठी लेखांवरून. ज्यूरीत ७ युरोपीय आणि २ पारशी. त्यांच्यापुढे ठेवली ती इंग्रजी भाषांतरे, आणि टिळकांचा एक मोठा आक्षेप त्या भाषांतरांवरच होता. निकाल ७ विरुद्ध २ असा लागला, शिक्षा ६ वर्षांची झाली. माध्यमांच्या वर्गात शिकवायला याहून चांगले प्रकरण कोणते?

म्हणून तुमच्या मुलामुलींकडे वळतो. घरातल्या मराठीमुळे त्यांचे कितीतरी तास आधीच भरलेले आहेत. पण आजीशी फोनवर बोलता येणे वेगळे आणि अग्रलेख वाचता येणे वेगळे. मधली पायरी त्यांना चढावीच लागेल. ती चढायला अभ्यासक्रम मदत करतो का, हे प्रवेश घेण्याआधी विचारायला सांगा. मराठी वृत्तपत्रांवर प्रबंध लिहिला तर तो तपासायला मराठी वाचणारे कोणी आहे का? मूळ मराठी उतारे चालतील की भाषांतरच द्यावे लागेल? भाषेचे गुण प्रबंधाच्या गुणांत धरले जातात का? उत्तरे 'नाही' अशी आली, तर त्या जोडीसाठी वेगळे शुल्क भरण्यापूर्वी दोनदा विचार करा.